कॅन्सस सिटीची उपनगरी पेठ : उदय, उत्कर्ष आणि बोध

व्यापार आणि वस्ती यांचे नाते फार पुरातन आहे. जेथे माणसे राहतात तेथे बाजार भरतो, आणि जेथे बाजार स्थिरावतो तेथे माणसे राहावयास येतात. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसविल्या गेल्या तेव्हा नव्या जागेवर वाणी-उदमी व कारागीर यांनी यावे म्हणून त्यांस कौल दिला जाई, जकातीत सवलत मिळे, आणि पेठेची व्यवस्था पाहण्यास शेटे-महाजन नेमले जात. पेठ आपोआप होत नसते. ती कोणीतरी वसवावी लागते, हे आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते.

विसाव्या शतकात अमेरिकेत हीच गोष्ट नव्या रूपाने घडून आली. मोटारगाडीने तेथील शहरांचे स्वरूप पालटले आणि गावाच्या मध्यभागी असलेला बाजार शहराबाहेरच्या मोकळ्या हवेत जाऊन बसला. त्या स्थित्यंतराचे एक ठळक उदाहरण म्हणजे मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहराची ‘कंट्री क्लब प्लाझा’ ही पेठ होय. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ व्यापारावर चालतो, आणि संस्था चालविण्याचा भार तर आपण सर्वच थोडाबहुत वाहतो. म्हणून या पेठेची शंभर वर्षांची कथा स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. या कथेत अनुकरणीय असे पुष्कळ आहे. तसेच सावध करणारेही आहे.

संस्थापक

या पेठेचे जनक जेसी क्लाइड निकल्स यांचा जन्म 1880 साली कॅन्सस राज्यातील ओलेथ या लहानशा गावी झाला. कॅन्सस विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ हार्वर्ड येथे अध्ययन केले. विद्यार्थिदशेत त्यांनी सायकलीवरून युरोपचा प्रवास केला. तेथील जुन्या नगरांतील चौक, कारंजी आणि देखण्या इमारती पाहून त्यांच्या मनावर एक गोष्ट ठसली. ती अशी की, युरोपातील माणूस पिढ्यान् पिढ्या टिकावे म्हणून बांधतो, तर अमेरिकेतील नगरे दहा-वीस वर्षांत जुनी होऊन ओस पडतात. हे थांबविता येईल काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर डोळ्यांपुढे ठेवला.

1905 च्या सुमारास निकल्स यांनी कॅन्सस सिटीच्या दक्षिणेस अवघ्या दहा एकर जमिनीवर घरे बांधण्यास आरंभ केला. पुढील काही वर्षांतच धनिक भागीदारांच्या साहाय्याने त्यांच्या हाती हजार एकरांहून अधिक जमीन आली. या वसाहतीस ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ असे नाव पडले. वळणदार रस्ते, राखलेली झाडे, चौकाचौकांतील शिल्पे आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ अशी तिची रचना होती. जॉर्ज केसलर या उद्यानरचनाकाराने कॅन्सस सिटीसाठी प्रशस्त वृक्षवीथी व उद्याने यांची योजना 1893 सालीच आखून दिली होती. तिचाही लाभ या नव्या वसाहतीस मिळाला.

दलदलीतून बाजार

घरे झाली, आता त्या घरांतील गृहिणींनी दाणागोटा, औषधे, कापडचोपड घेण्यासाठी सुमारे सहा किलोमीटर दूर मध्यवस्तीत का जावे? निकल्स यांनी ब्रश क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यातील जमिनी 1907 पासून हळूहळू खरेदी करण्यास प्रारंभ केला होता. ही जागा सखल होती आणि तेथे डुकरे पाळली जात. 1922 साली त्यांनी या ठिकाणी मोठी व्यापारपेठ उभारण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा लोकांनी त्या बेतास ‘निकल्सचा वेडेपणा’ असे नाव ठेवून त्याची थट्टा केली.

परंतु हा वेडेपणा हिशेबी होता. 1920 साली अमेरिकेत सुमारे 80 लक्ष मोटारगाड्या होत्या. 1929 साली त्यांची संख्या 2 कोटी 30 लक्षांच्या घरात गेली. मध्यवस्तीतील रस्ते घोडागाड्या आणि ट्रामगाड्या यांच्या बेताने आखलेले होते; तेथे मोटार उभी करावयास जागा सापडेना. ज्याच्या दारी मोटार आहे त्यास दोन कोस दूर जाणे जड नाही, पण तेथे पोहोचल्यावर गाडी कोठे ठेवावी ही विवंचना मात्र त्यास नको असते. निकल्स यांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली.

एडवर्ड ब्युलर डेल्क या वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी संपूर्ण पेठेचा आराखडा करून घेतला. लाल कौले, पिवळसर भिंती, रंगीत चिनी मातीच्या फरश्या, कोरीव दारे आणि मनोरे अशी स्पेन देशातील सेव्हिल नगरीची आठवण करून देणारी शैली निवडण्यात आली. 1923 साली पहिली इमारत उघडली आणि पेठेचा व्यवहार सुरू झाला. पुढे ही पेठ वाढत वाढत सुमारे पंधरा चौकांच्या विस्तारास पोहोचली.

घरवस्तीच्या सोयीसाठी एकत्र आखलेला बाजार अमेरिकेत याआधी नव्हता असे नाही. शिकागोजवळील लेक फॉरेस्ट येथील मार्केट स्क्वेअर 1916 सालचा आहे. तथापि मोटारीने येणारे गिऱ्हाईक मनात धरून एवढ्या विस्ताराने योजलेली पहिली पेठ हीच, असे सामान्यतः मानले जाते.

व्यवस्थेचे रहस्य

या पेठेच्या यशाचे श्रेय केवळ शोभेच्या मनोऱ्यांस देणे योग्य होणार नाही. खरे श्रेय व्यवस्थेकडे जाते. ती व्यवस्था व्यापारी वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी.

पहिली गोष्ट अशी की, दुकानांचे गाळे विकले गेले नाहीत. सर्व जागा एकाच मंडळीच्या मालकीची राहिली आणि ती भाडेपट्ट्याने दिली गेली. त्यामुळे कोणत्या कोपऱ्यावर कोणते दुकान असावे, एकाच मालाची किती दुकाने असावीत, पाटी केवढी असावी, हे ठरविणारा हात एकच होता. आपल्याकडे एकाच आळीत सराफ, दुसरीत तांबट, तिसरीत बोहारी अशी विभागणी असे. निकल्स यांनी याच्या उलट धोरण ठेवले. किराणा, औषधे, पोशाख, फुले अशी नाना तऱ्हेची दुकाने त्यांनी जवळजवळ बसविली. एका कामासाठी आलेल्या गिऱ्हाइकाने तीन कामे उरकून जावे, हा त्यामागील हेतू. वरच्या मजल्यावर डॉक्टर व दंतवैद्य यांच्या खोल्या ठेवल्या.

दुसरी गोष्ट भाड्याची. दुकानदाराकडून एक किमान भाडे आणि त्यावर विक्रीच्या मानाने शेकडा काही रक्कम, अशी पद्धत येथे रूढ झाली. यायोगे दुकानदाराचा धंदा वाढला तर मालकाचेही उत्पन्न वाढे आणि धंदा बसला तर मालकासही त्याची झळ लागे. मालक व भाडेकरू यांचे हित एकाच दाव्याला बांधले गेले. पेठेतील रस्त्यांची झाडलोट, रोषणाई, जाहिरात व उत्सव ही कामे दुकानदारांनी एकत्र येऊन चालविली.

तिसरी गोष्ट गाड्यांची. मोटारी उभ्या करण्यासाठी मोकळ्या जागा राखून त्यांभोवती शोभिवंत भिंती घातल्या, आणि त्यांचा उपयोग विनामूल्य ठेवला. पेट्रोलचे पंपसुद्धा इतर इमारतींना शोभतील असेच बांधले. इमारती मुद्दाम बुटक्या ठेवल्या, कारण जितके मजले अधिक तितक्या गाड्या अधिक आणि तितकी कोंडी अधिक, हा हिशेब त्यांनी आधीच केला होता. उंच चाळवजा इमारती पेठेच्या कडेस उभ्या राहिल्या. पश्चिमेकडील अशा काही इमारतींचा आराखडा नेली पीटर्स नावाच्या एका स्त्री-वास्तुशिल्पज्ञेने केला होता. त्या इमारतींना मार्क ट्वेन, रॉबर्ट ब्राउनिंग अशा साहित्यिकांची नावे दिली गेली, हे वाचून आम्हा शिक्षकवर्गास विशेष संतोष वाटतो.

या पेठेचा दीपोत्सवही प्रसिद्ध आहे. 1925 साली देखभालीचे काम पाहणाऱ्या चार्ल्स पिट्राट यांनी नाताळाच्या सुमारास एका दारावर दिव्यांची एक छोटीशी माळ लावली. त्या माळेचा विस्तार होत होत सर्व इमारतींच्या कडा दिव्यांनी उजळू लागल्या. 1930 पासून ‘थँक्सगिव्हिंग’ या सणाच्या रात्री दिवे लावण्याचा परिपाठ पडला आणि ती रोषणाई पाहण्यास सारे शहर लोटू लागले.

1950 साली निकल्स निवर्तले. तत्पूर्वी 1945 मध्ये त्यांनी खरेदी-केंद्रे उभारताना आपल्या हातून झालेल्या चुकांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. नव्याने असा उद्योग करू पाहणाऱ्यांनी त्याच चुका पुन्हा करू नयेत, हा तिचा उद्देश. पुढच्या काळात सिॲटलजवळ 1950 मध्ये नॉर्थगेट, डेट्रॉइटजवळ 1954 मध्ये व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्याचे नॉर्थलँड अशी मोठमोठी मोकळ्या हवेतील केंद्रे उभी राहिली. 1956 मध्ये मिनीॲपोलिसजवळ साउथडेल हे पूर्णपणे छताखालचे, वातानुकूलित केंद्र निघाले आणि तेथून ‘मॉल’चे युग सुरू झाले. मात्र कॅन्सस सिटीची पेठ उघड्या आकाशाखालीच राहिली. संस्थापकांचे चिरंजीव मिलर निकल्स यांच्या काळात, 1967 साली, सेव्हिलच्या सुप्रसिद्ध हिराल्डा मनोऱ्याची अर्ध्या आकाराची प्रतिकृती तेथे उभारली गेली आणि त्याच वर्षी ही दोन शहरे भगिनी-नगरे झाली.

कागदावरील भिंत

येथवरची कथा कौतुकाची झाली. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने नाण्याची एकच बाजू दाखविणे हे कर्तव्यास सोडून होईल.

या पेठेस गिऱ्हाईक कोठून मिळे? भोवतालच्या कंट्री क्लब वसाहतीतून. आणि त्या वसाहतीत कोणास राहता येई? हे प्रत्येक भूखंडाच्या खरेदीखतात लिहून ठेवलेले होते. घर किती किमतीचे असावे, रस्त्यापासून किती अंतरावर असावे, इत्यादी अटी त्या खतात होत्या. आणि त्यांच्याच जोडीला अशीही एक अट होती की, ही जागा कृष्णवर्णीय माणसास विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, आणि त्यास तेथे राहताही येणार नाही. अशा अटी अमेरिकेत अन्यत्रही होत्या. तथापि निकल्स यांनी त्यांत एक विशेष भर घातली. सामान्यतः अशा अटींची मुदत काही वर्षांनी संपत असे. निकल्स यांच्या खतांत मुदत संपताच त्या आपोआप पुढे चालू राहत. त्या बंद करावयाच्या तर बहुसंख्य घरमालकांनी मुदतीपूर्वी कित्येक वर्षे आधी लेखी नोंद केली पाहिजे, असा नियम होता. या अटींवर देखरेख करण्यासाठी घरमालकांचे संघ स्थापन झाले.

युरोपातील नगरांप्रमाणे पिढ्यान् पिढ्या टिकेल असे काही करावे, ही निकल्स यांची तळमळ आपण पाहिली. त्या तळमळीने सुंदर पेठ टिकली. आणि त्याच तळमळीने हा अन्यायही टिकाऊ करून ठेवला. एकाच हाताने, एकाच दस्तात, झाडे राखण्याची अट आणि माणसे वगळण्याची अट लिहिली, आणि दोन्ही अटी सारख्याच निष्ठेने पाळल्या गेल्या. वसाहतीचे भाव चढले ते या दोन्हींच्या बळावर, असे तेथील लोक मानीत. 1934 मध्ये गृहकर्जास हमी देणारे सरकारी खाते निघाले, तेव्हा त्याच्या मार्गदर्शक नियमांतही अशा अटींची शिफारस आली. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय राहत तेथे कर्जास हमी मिळणे दुरापास्त झाले. शहराचे दोन भाग पडले. ट्रूस्ट नावाचा रस्ता ही त्यांची सीमारेषा समजली जाऊ लागली. तिच्या पूर्वेस एक समाज, पश्चिमेस दुसरा.

याविरुद्ध दाद मागितली गेली तीही मिझुरी राज्यातूनच. सेंट लुई येथील शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने घेतलेल्या घरावरून उद्भवलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 1948 साली त्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा वांशिक अटींची अंमलबजावणी न्यायालयांस करता येणार नाही. पुढे 1968 च्या कायद्याने घरांच्या खरेदी-विक्रीत व भाड्यात वंशावरून भेद करण्यास मनाई झाली. तरीही जुन्या खतांवरील ती वाक्ये अनेक दशके तशीच राहिली. आपोआप चालू राहण्याची योजना इतकी पक्की होती.

पेठेच्या पूर्वेस एक भव्य कारंजे आहे. आँरी ग्रेबेर या फ्रेंच शिल्पकाराची ही 1910 सालची कृती न्यूयॉर्कजवळील एका धनिकाच्या बागेतून आणून 1960 मध्ये येथे उभारली गेली, आणि तिला निकल्स यांचे नाव देण्यात आले. 2020 च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, याच कारंज्याभोवती हजारो निदर्शक जमले. त्याच वर्षी 30 जून रोजी शहराच्या उद्यान मंडळाने कारंज्यावरून व लगतच्या रस्त्यावरून निकल्स यांचे नाव एकमताने काढून टाकले. ज्या पुरुषाने शहरास त्याचे सर्वांत देखणे स्थान दिले, त्याचेच नाव शहरास त्या स्थानावरून उतरवावे लागले. यापेक्षा अधिक खेदाची गोष्ट कोणती?

उत्तरकाळ

पेठेवर अन्य संकटेही आली. ज्या ओढ्याच्या खोऱ्यात ती वसली होती त्याचे पात्र 1930 च्या दशकात काँक्रीटने बांधून काढले होते. 12 सप्टेंबर 1977 रोजी एकाच दिवसात दोनदा मुसळधार पाऊस झाला. ओढ्याने पात्र सोडले, पेठेत पाणी शिरले आणि शहरात या पुराने 25 माणसांचा बळी घेतला. सखल जागेचा गुण माणसाने झाकला तरी पाणी तो विसरत नाही.

1998 मध्ये निकल्स यांची मंडळी एका परगावच्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. 2016 मध्ये ही पेठ 66 कोटी डॉलरांस दुसऱ्या दोन कंपन्यांच्या हाती गेली. पुढे घरबसल्या खरेदीची चाल वाढली, महामारी आली, गाळे रिकामे पडू लागले, कर्जाची फेड थकली; आणि 2024 मध्ये डॅलस येथील नव्या मालकांनी ती सुमारे साडेसतरा कोटी डॉलरांस घेतली. आठ वर्षांत किंमत जवळजवळ चौथाईवर आली! या नव्या मालकांकडे 1931 साली सुरू झालेली डॅलसची हायलँड पार्क व्हिलेज ही तशीच जुनी उघड्यावरची पेठ आहे, ही त्यातल्या त्यात आशेची गोष्ट.

बोध

आता या कथेतून आपण काय घ्यावे? पेठ असो वा ज्ञातिसंस्था असो, ती मनुष्यबळाने उभी राहते, पण टिकते ती लेखी नियमांनी. विश्वस्तपत्र, संस्थेची घटना, वसतिगृहाचे नियम, गृहरचना संस्थेचे पोटनियम हे कागद लिहिणारे निघून जातात आणि कागद मागे राहतात. ते लिहिताना ज्या शहाणपणाने आपण आपल्या मुलाबाळांची सोय पाहतो, त्याच शहाणपणाने आपण दाराबाहेर कोणास उभे करीत आहोत हेही पाहावयास नको काय?

आपल्याकडे 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका पारशी गृहरचना संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. अर्थात कायद्याची मुभा आहे. परंतु कॅन्सस सिटीतही ती चांगली चाळीस वर्षे होती. कायद्याने चालते एवढ्यावरून ते योग्य ठरते असे मानणाऱ्यांस तेथील कारंज्याने उत्तर दिले आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना शिक्षणासाठी परगावी गेल्यावर, ‘कोणाचे?’ हा प्रश्न विचारून खोली नाकारली गेल्याचे स्मरण असेल. ज्यास दार बंद झाल्याचा अनुभव आहे त्याने दार बंद करण्याचा नियम लिहिताना लेखणी क्षणभर थांबवावी, ही अपेक्षा गैरवाजवी नव्हे.

ज्ञातीने ज्ञातीतील होतकरूंस हात द्यावा, गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती द्यावी, व्यापारात एकमेकांस सांभाळून घ्यावे, हे सर्व इष्टच आहे. संस्था स्थापन झाली ती याच हेतूने. आपल्या माणसास वर ओढणे हे पुण्यकर्म होय. दुसऱ्यास खाली ठेवणे हे त्याचे अंग नव्हे, आणि या दोहोंतील अंतर नियमावलीच्या एकेका वाक्यात दडलेले असते. म्हणून संस्थेच्या जुन्या नियमांचे ठराविक वर्षांनी सर्व सभासदांसमक्ष वाचन व्हावे. जो नियम पुन्हा मोठ्याने वाचताना संकोच वाटेल तो तेथेच रद्द करावा. कोणताही निर्बंध आपोआप पुढे चालू राहू नये; प्रत्येक पिढीने तो आपल्या संमतीने स्वीकारावा किंवा सोडावा.

निकल्स यांच्या पेठेत आज जे पाहण्यास लोक जातात ते म्हणजे कारंजी, दिवे, मोकळे चौक. ही सर्व तेथे येणाऱ्या प्रत्येकाची आहेत. त्यांनी खतांत लिहिलेली भिंत मात्र कोणी पाहावयास जात नाही. ती पाडण्यातच त्या शहराच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. आपल्या हातून जे उभे राहील ते पहिल्या प्रकारचे असावे, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.